पहिलं नाही

अकोल्याच्या माणसाने बर्फावर घसरायची जागा शोधावी, यात मुळातच काहीतरी विनोदी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी टाकीच्या नळाखाली हात धरला तर भाजतो. बर्फ आम्हाला माहीत तो रसवंतीवरचा, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही मागच्या दिवाळीनंतर मी दुसरा उद्योग केला नाही. कॉलेजात दोन तासांच्या मधल्या वेळात, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, बँकेच्या रांगेत, मी मोबाइलवर बर्फच बघत असायचे.

निमित्त झालं मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीचं. ती सुट्टीत बर्फात जाऊन आली आणि पायाला स्की बांधून उतारावरून येतानाचा तिचा व्हिडिओ सगळ्या आयांच्या ग्रुपवर फिरला. झालं. माझी सात वर्षांची मुलगी आणि तिचं ऐकून चार वर्षांचा मुलगा, दोघांनी घरात जप लावला. नवरा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात आहे. आठवडाभर अमरावतीत खोली घेऊन राहतो आणि शनिवारी घरी येतो. तो म्हणाला, तूच ठरव. घरातल्या कुठल्याही कटकटीच्या कामाला तो ‘तूच ठरव’ म्हणतो आणि हा आपला बायकोवरचा विश्वास आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

मीही मग कंबर कसून बसले. औली पहिल्याच फेरीत बाद झाली. आमचा धाकटा चिखलदऱ्याच्या एवढ्याशा घाटातसुद्धा ओकतो. त्याला ऋषिकेशपासून दिवसभर डोंगरातून वळणं वळणं घेत कोण नेणार? सोलंगला बर्फ पडला तर पडला, नाहीतर चिखल आणि खेचरं, असं तिथे जाऊन आलेल्या एका बाईने लिहिलं होतं. गुलमर्ग मला पटत गेलं. नागपूरहून विमान, दिल्लीला बदलायचं, श्रीनगरहून गाडी. हॉटेलसमोरच छोटे छोटे उतार, अगदी नवशिक्या पोरांसाठी. मुलीला शिकवायला माणूस मिळेल, मुलगा लहान म्हणून त्याला ढकलगाडीसारख्या स्लेजवर बसवतील. मी हॉटेलांचे फोटो बघत नव्हते, लहान मुलांच्या आयांनी लिहिलेलं वाचत होते. खोली खरंच गरम राहते का, गरम पाणी सकाळी जातं का, उतारावर पोराला शू लागली तर किती लांब पळावं लागतं. लोक लग्नं जमवताना एवढी चौकशी करत नाहीत.

पण आणखी एक गोष्ट मी बघत होते आणि ती बघतेय हे स्वतःलाही सांगत नव्हते. दोन मोठे आणि दोन लहान यांची एक खोली. जिथे पाचवं माणूस सहज मावेल असं हॉटेल समोर आलं की मी काही ना काही खोट काढून पुढे जायचे.

पाचवं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याजवळच राहतात. खरं म्हणजे आम्ही त्यांच्याजवळ राहतो, घर त्यांचं आहे. मुलगी सहा महिन्यांची असताना मी पुन्हा कॉलेजात जायला लागले, आणि तेव्हापासून ही दोन्ही पोरं त्यांनीच वाढवली. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेची बस, दुखणीखुपणी, सगळं. मी संध्याकाळी दमून यायचे तेव्हा माझ्या हातात जेवलेली, झोपाळलेली मुलं यायची. यासाठी कुठल्याही सुनेने त्यांचे पाय धुऊन पाणी प्यावं, आणि मी लोकांसमोर तसं म्हणतेही. पण मुलगा पडला की ‘आजी’ म्हणतो. चप्पल सापडली नाही तरी आजी, वाईट स्वप्न पडलं तरी आजी. त्याला ताप आला की मी फक्त थर्मामीटर धरणारी बाई. मी जवळ घेतलं तर तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो, त्या कुठे आहेत ते.

मला एक आठवडा असा हवा होता की हाक मारायला माझ्याशिवाय कोणीच नसेल. एवढंच. हे लिहितानासुद्धा मला स्वतःची लाज वाटते, पण त्या वेळी ते इतकं साधं आणि हक्काचं वाटत होतं.

न विचारता जाणं तर शक्यच नव्हतं. म्हणून मी विचारलं. डिसेंबरातली दुपार होती. सासूबाई अंगणात उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसले, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाले, “आई, आम्ही जानेवारीत बर्फात जायचं म्हणून राहिलो. तुम्ही येता का?”

त्या म्हणाल्या, “मी काय करू थ्या बर्फात? तुमी जा लेकराईले घेऊन.”

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. सून विचारते, सासू नको म्हणते, विषय संपला. पण मी अमरावतीची मुलगी आहे, अकोल्यात नांदतेय, आमच्याकडचं ‘नाही’ मला चांगलं कळतं. पंगतीत माणूस ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारा त्याच्या बोटांच्या फटीतून वरण सोडतो, अशी आमची तऱ्हा. पहिलं नाही रीतीचं असतं, दुसरं भिडेचं, आणि तिसरं आलं तर मग बघायचं. पहिल्या नाहीला जो ‘बरं’ म्हणतो त्याच्याबद्दल घरी जाताना वाटेत बोललं जातं. शिवाय ज्याला खरंच न्यायचं असतं त्याला आमच्याकडे कोणी ‘येता का’ म्हणून विचारत नाही. त्याला ‘चला’ म्हणतात. ‘येता का’ दारावर आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यातच पाणी देण्यासारखं आहे.

शेंग सोलता सोलता सासूबाईंचा हात थांबला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी आता काय म्हणायचं ते आम्हा दोघींनाही पाठ होतं.

मी “बरं” म्हणाले आणि सोललेले दाणे घेऊन आत गेले.

शनिवारी नवऱ्याला सांगितलं की आई नाही म्हणाल्या. तोही ‘बरं’ म्हणाला. त्याची स्वतःची आई, तिचं पहिलं नाही त्याने लहानपणापासून ऐकलेलं, पण उठून बाहेरच्या खोलीत जाऊन तिला एकदा विचारावं, असं त्याला वाटलं नाही. मला त्याचा राग आला, आणि बरंही वाटलं. त्याच संध्याकाळी मी दोन मोठे, दोन लहान असं बुकिंग करून टाकलं.

पुढच्या आठवड्यात मुलाला खोकला झाला. प्रवासाच्या आधी बरा व्हावा म्हणून मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या घराचे तेच डॉक्टर. त्यांनी छाती तपासली, औषध लिहिलं आणि हसत म्हणाले, “मग, तयारी झाली का काश्मीरची? सासूबाईंना कानटोपी घेतली का?”

मला कळेना. ते म्हणाले, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत सासूबाई येऊन गेल्या. एकट्याच. बर्फात जायचं म्हणतात पोरं, तर माझ्या बी. पी.ला चालेल का, गुडघे धरतील का, गोळी थंडीत काम करते का, असं बरंच विचारत होत्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं. गुलमर्गपर्यंत काही हरकत नाही, फक्त रोपवेने अगदी वर जाऊ नका, कान झाका, आणि आतापासून रोज थोडं चालायची सवय ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

ऑटोत बसले तेव्हा मला ते चालणं आठवलं. दिवाळीनंतर सासूबाई रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या होत्या. बूट मोठे होत होते म्हणून आत कापसाचे बोळे. मी त्यांना चिडवलंही होतं, की आई, कुठल्या शर्यतीत उतरून राहिल्या? त्यांनी हसून पदर तोंडाला लावला होता. मी विचारलं त्याच्या कितीतरी आधीपासून त्या विचारण्याची वाट बघत होत्या. मी एकेका हॉटेलला खोट काढत होते तेव्हा त्या मैदानावर होत्या.

आमच्या वऱ्हाडी बोलण्याला पुण्याचे लोक बिचकतात. तोंडावर बोलतात म्हणे, भीडमुर्वत नाही, बायकाही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. कोणालाही ‘काहून आला?’ असं सरळ विचारणारी आम्ही माणसं, खरं आहे. पण स्वतःला काही हवं असेल तर आमची जीभ टाळूला चिकटते. ते दुसऱ्याने काढून द्यायचं असतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. सरळ ‘मले यायचं हाय’ म्हणायला काय झालं होतं? डॉक्टरला सांगता येतं, मला का नाही? घरापर्यंत मी हा राग छान धरून ठेवला, कारण तो गेल्यावर खाली काय उरणार हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला माझ्या हातातून घेतलं आणि कढीभात भरवायला बसवलं. तो एकेका घासाला तोंड उघडत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइल उघडला. हॉटेलात आमच्या शेजारची खोली रिकामी होती. विमानात जागा होती. मी नीट बघितलं, दोन्ही होतं. बाहेरून मुलाचा आवाज आला, आजी अजून. मी मोबाइल बंद केला.

नंतरच्या दिवसांत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. डॉक्टर काय, बसल्या जागी ‘हरकत नाही’ म्हणतात. तिकडे त्यांना काही झालं तर मी कुठे धावू? पोरं सांभाळू की त्यांना? शिवाय त्या नाही म्हणाल्याच होत्या की. हे शेवटचं कारण मी सगळ्यात जास्त वापरलं आणि प्रत्येक वेळी ते थोडं जास्त खोटं होत गेलं.

निघायच्या दोन दिवस आधी सासूबाईंची धाकटी बहीण अमरावतीहून आली. त्या एकट्या राहू नयेत म्हणून नवऱ्यानेच तिला बोलावलं होतं. हॉलभर बॅगा पसरलेल्या, त्यावर पोरांचे नवे स्वेटर. आम्ही जेवायला बसलो, मी वाढत होते. मावशीने बॅगांकडे बघितलं आणि सासूबाईंना म्हणाली, “तू काहून नाही जात वं?”

मी त्यांना बोलू दिलं नाही. भाताचा डाव हातात धरून मी आग्रह सुरू केला. मी तर केव्हाची म्हणतेय, मावशी. ऐकतच नाहीत. चला न आई, अजूनही चला, बर्फ बघायला मिळेल, पोरांनाही बरं वाटेल. त्यांचं तिकीट काढलेलं नव्हतं, खोली घेतलेली नव्हती, जायला मधे एक दिवस होता. मी डिसेंबरात जे बोलायला हवं होतं ते सगळं अगदी गोड सुरात बोलत होते, कारण आता त्याने काही होणार नव्हतं.

सासूबाईंनी ताटातून वर बघितलं. माझ्याकडे, जरा वेळ. मला वाटलं, आता बोलणार. बोलायलाच हवं होतं त्यांनी.

त्या बहिणीला म्हणाल्या, “सून लय मांगं लागली होती. मीच नाही म्हणतो. माहे टोंगये कुठं चालतेत आता?” आणि त्यांनी आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवला, ज्या गुडघ्यांनी त्या रोज मैदानाला फेऱ्या मारत होत्या.

मावशी म्हणाली, सून भेटावी तं अशी. मी मान खाली घालून तिला भात वाढला. त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी माझी लाज राखली आणि मला कुठेच जागा ठेवली नाही.

गुलमर्ग सुंदर होतं, यात शंका नाही. मुलगी दुसऱ्या दिवशीच शिकवणाऱ्या माणसाचा हात सोडून चार पावलं घसरली आणि मग तिला खोलीत आणणं मुश्कील झालं. नवरा फोटो काढत होता. मी निवडलेली जागा बरोबर निघाली होती. खोली गरम होती, उतार छोटे होते, शू करायला लांब जावं लागत नव्हतं. मुलगा स्लेजवर बसून ओरडत होता, हसत होता, आणि एका वळणावर त्याची स्लेज कलंडली. तो तोंडावर आपटला. फार लागलं नव्हतं, पण कानात, नाकात, मानेत बर्फ गेला आणि तो घाबरून ओरडला, “आजी!”

मी धावले. भाड्याचे बूट गुडघ्यापर्यंत रुतत होते, मी स्वतःच एकदा पडले. त्याला उचललं तर त्याने ओल्या हातमोज्याने माझं तोंड बाजूला सारलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे सगळं पांढरं होतं. त्याने दुसऱ्या खांद्यावरून बघितलं. मग कोणी नाही म्हणून त्याने माझ्या मानेत डोकं घातलं आणि तिथेच रडत राहिला. एवढ्यासाठी मी इतकं केलं होतं. तो मला अगदी घट्ट बिलगला होता, आणि मला वाटत होतं मी कोणाची तरी वस्तू पळवून आणलीय.

संध्याकाळी सासूबाईंनी व्हिडिओवर सगळं बघितलं. खिडकीतून बर्फ दाखव म्हणाल्या, थे पायाले फळ्या बांधून घसरतेत थे दाखव म्हणाल्या. मुलाने पडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, कोणं उचललं? आईनं, तो म्हणाला. “मंग तं झालं,” त्या म्हणाल्या, आणि तोंडभर हसल्या.

आम्ही परत आलो. मला वाटलं होतं त्या अबोला धरतील, निदान एखादा टोमणा मारतील. काही नाही. पोरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं, शेजारणींना सांगितलं. मीही हळूहळू सैल झाले. मग एक दिवस जेवताना मी नेहमीसारखं विचारलं, “आई, भाकर वाढू?” त्या म्हणाल्या, “हाव, वाढ.”

मला वाटलं भूक असेल. दुसऱ्या दिवशी चहा ठेवू का म्हटलं, तर हाव. बाजारात येता का म्हटलं, तर हाव, आणि लगेच उठल्या. एवढ्या वर्षांत या बाईने माझ्या पहिल्या विचारण्याला कधी हो म्हटलं नव्हतं. ताटावर हात धरायच्या, नको वं बाई, पोट भरलं, आणि मी वाढल्यावर मग खायच्या. मावशी आली तेव्हा मी मुद्दाम बघितलं. तिला त्यांनी नेहमीसारखं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा लाडू घेतला. शेजारणीच्या हळदीकुंकवालाही तसंच. सगळ्या जगाला त्या नाही म्हणतात. फक्त मला म्हणत नाहीत. माझ्यापुढे एकदा नाही म्हटलं की ते तसंच धरलं जातं, एवढं त्यांना समजलंय.

मी आग्रहाची जागा शोधत असते. वाटतं, एकदा नाही म्हणा, मग बघा मी कशी मागे लागते. हे त्यांना कसं सांगणार?

परवा शनिवारी नवरा आला तेव्हा पोरांना कुठेतरी न्यावं असं ठरलं. मी सासूबाईंकडे गेले. या वेळी ‘चला’च म्हणायचं, मनाशी ठरवलं होतं. म्हणाले, “आई, उद्या पातूरची लेणी बघायला...”

“येतो,” त्या म्हणाल्या. माझं वाक्य पूर्ण झालं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले तशा जरा घाबरल्यासारख्या पुन्हा म्हणाल्या, “येतो म्हटलं न मी.”

रविवारी सकाळी नवऱ्याने गाडी दारात आणून लावली होती आणि आत पोरांचे बूट, पाण्याच्या बाटल्या, नेहमीचा गोंधळ चालला होता. मी आजीला हाक मार म्हणून मुलीला आत पाठवलं, तर त्या घरात नव्हत्या. आम्ही कुलूप लावून बाहेर आलो तेव्हा त्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या होत्या, दार लावून, पिशवी मांडीवर धरून.